बतुआनची खट्याळ चित्रे

इंडोनेशियातील बाली बेटावर डेन्पसारहून उबुदकडे जाताना बतुआन हे गाव लागते. येथील चित्रकारांची शैली गावाच्याच नावाने ओळखली जाते. बतुआनचे चित्र प्रथमदर्शनी काळपट आणि खच्चून भरलेले दिसते. बोटभर जागाही मोकळी सोडलेली नसते. जवळ जाऊन न्याहाळू लागले की त्या गर्दीतून सबंध गाव उलगडू लागते. कुठे भातलावणी चालू आहे, कुठे कोंबड्यांची झुंज रंगली आहे, देवळापुढे नाच आहे, पलीकडून अंत्ययात्रा निघाली आहे. आणि या साऱ्यांच्या मधोमध कॅमेरा डोळ्याला लावून उभा असलेला परदेशी पाहुणा! त्याच्याकडे चित्रातले कोणी फारसे लक्ष देत नाही, हीच त्यातली गंमत.

या विनोदाचे मूळ जुने आहे. बालीची पारंपरिक चित्रकला क्लुंगकुंगजवळच्या कामासान गावात जोपासली गेली. तीत रामायण-महाभारतातील प्रसंग छायानाट्यातील बाहुल्यांच्या घाटाने रंगवीत. बालीच्या छायानाट्यात देव आणि राजे ‘कवी’ या जुन्या साहित्यिक भाषेत बोलतात. ती सामान्य प्रेक्षकाला कळत नाही. मग त्वालेन, मेर्दाह, देलेम आणि सांगुत हे सेवक तिचा अर्थ रोजच्या बाली बोलीत सांगतात आणि सांगता सांगता धन्याचीही टोपी उडवतात. संस्कृत नाटकात प्राकृत बोलणारा विदूषक आठवावा. बतुआनच्या चित्रांत नायक बाजूला झाले आणि सेवकांच्या जगानेच सारा रंगमंच व्यापला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

हे स्थित्यंतर घडले १९३० च्या दशकात. जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस आणि डच चित्रकार रूडॉल्फ बोनेट त्या काळी उबुद परिसरात राहत होते. उबुदच्या राजघराण्यातील चोकोर्दा गदे अगुंग सुकावती यांच्या साथीने १९३६ मध्ये ‘पिता महा’ ही कलावंतांची संघटना स्थापन झाली. कागद आणि शाई हाती आली, पर्यटकांच्या रूपाने गिऱ्हाईक मिळाले आणि पुराणकथांबरोबर रोजचे जगणेही चित्राचा विषय झाले. याच सुमारास बालीत आलेले मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन यांनी हजाराहून अधिक चित्रे जमवली. त्यांतील बहुसंख्य बतुआनची होती. मात्र त्यांत हसू शोधू जाल तर निराशा पदरी येईल. रात्र, घनदाट झाडी, चेटकिणी, भुतेखेते यांचेच त्यांत राज्य आहे.

हसू उजेडात आले ते पुढे. १९६९ मध्ये बालीचा विमानतळ आंतरराष्ट्रीय वाहतुकीला खुला झाला आणि पाहुण्यांचा ओघ वाढला. इ मादे बुदी आणि इ वायान बेंदी या बतुआनच्या चित्रकारांनी हे नवे पात्र गावच्या गर्दीत सामावून घेतले. १९५० मध्ये जन्मलेले बेंदी हे चित्रकार तावेंग यांचे पुत्र. त्यांच्या चित्रांत विमाने येतात, लाटांवर फळीवरून घसरणारे हौशी वीर येतात. पण शेजारची माणसे, जनावरे आणि राक्षसही तितक्याच तपशिलाने येतात. येथे महत्त्वानुसार आकार ठरत नाही. पुरोहित, शेतकरी आणि पर्यटक एकाच मापाचे! टीका न करता कोणालाही जमिनीवर आणण्याची ही मोठी नामी युक्ती आहे.

काम मात्र अतिशय चिकाटीचे. आधी पेन्सिलीने आखणी, मग शाईची बारीक रेषा, त्यानंतर पातळ शाईचे थरावर थर देऊन छायाप्रकाश आणि अखेरीस बेताचा रंग. मोठ्या चित्राला कित्येक महिने लागतात. साहजिकच रस्त्याकडेच्या दुकानांसाठी झटपट मालही तयार होतो. तोच कॅमेरेवाला, तीच लाट. थट्टेचा शिक्का होऊन बसतो. अस्सल चित्र ओळखण्याची एक साधी खूण आहे. त्याच्या कोपऱ्यात नजर टाकावी. तेथील माणूसही मधल्या माणसाइतकाच आपल्या उद्योगात गढलेला असला, तर चित्रकाराने कंटाळा केलेला नाही असे समजावे.

या चित्रांतील सामायिक पाटबंधाऱ्यांच्या ‘सुबक’ व्यवस्थेला युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. तरीही दक्षिण बालीत हॉटेले आणि बंगल्यांखाली भातखाचरे जातच आहेत. चित्रातला पाहुणा कोपऱ्यात मावत होता. प्रत्यक्षातला मावेनासा झाला आहे. आणि ज्याची थट्टा, तोच चित्राचा मुख्य खरेदीदार! त्या पाहुण्यांत आता भारतीयांचाही भरणा मोठा आहे.

उबुदमध्ये १९५६ साली उघडलेले ‘पुरी लुकिसान’ आणि १९८२ साली खुले झालेले ‘नेका’ ही संग्रहालये जवळजवळ आहेत. बालीला जाणाऱ्यांनी सवड काढून तेथे आधी जुनी काळोखी चित्रे पाहावीत आणि मग बेंदींच्या गर्दीकडे वळावे.