राजर्षींचे रंगमंदिर

जैन आगमांपैकी राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभदेवाने भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारचे नाट्यविधी सादर केल्याचे सविस्तर वर्णन आहे. नाट्य आणि धर्मश्रद्धा यांचे नाते आपल्या परंपरेला किती जुने आहे, हे त्यावरून ध्यानी यावे. बीडसह सारा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. तेथे राजभाषा उर्दू. मराठीला राजाश्रय नव्हता. तो आश्रय रंगभूमीस कसा लाभला, हे पाहण्यासाठी करवीरनगरीकडेच वळावे लागते.

राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमची भव्य प्रेक्षागारे पाहिली. परतल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि त्याच्या लगत नाटकांसाठी पॅलेस थिएटर उभे राहिले. थिएटरचे बांधकाम १९१३ साली सुरू होऊन १९१५ साली पूर्ण झाले. मल्ल आणि नट यांना शेजारी शेजारी घरे बांधून देणारा राजा विरळाच! याच राजाच्या काळात, १९०१ मध्ये, कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. महाराजांचे चरित्र इंग्रजीत लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे हे जैन समाजाचेच सुपुत्र होत.

प्रेक्षागृहात मधे एकही खांब नव्हता. शेवटच्या रांगेतील रसिकालाही रंगमंच निर्वेध दिसे. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात नटाचा आवाज सभागृहभर पोहोचणे ही बांधणीची खरी कसोटी होती.

पुढे १९५७ साली या वास्तूस संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. कोल्हापुरातच ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या केशवरावांनी १९०८ मध्ये हुबळीस ललितकलादर्श नाटक मंडळी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त मानापमानात ते बालगंधर्वांसमवेत उभे राहिले आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले.

शंभरहून अधिक वर्षे उभी असलेली ही वास्तू ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, लाकडी छत व आसने जळाली; दगडी भिंती मात्र तगल्या. जयंतीसाठी जमणारे कलावंत त्या दिवशी राखेसमोर उभे राहून रडले.

शासनाने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. पण रंगकर्मींची मागणी केवळ नव्या इमारतीची नव्हती. वास्तू जशी होती तशीच उभी राहावी, हा त्यांचा आग्रह होता आणि तो सर्वथा योग्य होता. नवे सभागृह कोठेही बांधता येते. ज्या लाकडाखाली तीन-चार पिढ्यांनी नाट्यपदे ऐकली, ते लाकूड मात्र कोणत्याही निधीतून परत येणारे नाही.