आल्सा ड्रायव्हर : सोर्समधून अद्ययावत करणे

लिनक्स कर्नलमधील साउंड ड्रायव्हरची नवी आवृत्ती सोर्स कोडवरून कंपाइल करून चालू कर्नलला जोडण्याची रीत. आल्सा म्हणजे ॲडव्हान्स्ड लिनक्स साउंड आर्किटेक्चर. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये ग्रेव्हिस अल्ट्रासाउंड कार्डाच्या ड्रायव्हरपासून हा प्रकल्प उभारला. २००२ मध्ये तो कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत दाखल झाला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत त्याने जुन्या ओएसएस (ओपन साउंड सिस्टिम) या व्यवस्थेची जागा घेतली.

कृती : चालू कर्नलच्याच आवृत्तीचे हेडर्स आधी हवेत. ते जुळले नाहीत, तर मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) तयार होते पण कर्नल ते स्वीकारत नाही. ‘आल्सा-ड्रायव्हर’ पॅकेजचा सोर्स उलगडून ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि रूटच्या अधिकाराने ‘मेक इन्स्टॉल’ असा क्रम असतो. जुनी मॉड्यूल्स उतरवण्यापूर्वी आवाज वापरणारे सर्व प्रोग्राम बंद करावे लागतात. कर्नल बदलला की सारे पुन्हा करावे लागते. डीकेएमएस ही व्यवस्था ते काम आपोआप करते. सिक्युअर बूट चालू असल्यास मॉड्यूलवर डिजिटल सही लागते.

एचडीए (हाय डेफिनिशन ऑडिओ) कार्डे : खरी गुंतागुंत येथेच आहे. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या या मानकात कंट्रोलरचा ड्रायव्हर एकच, पण त्यामागची कोडेक चिप निरनिराळ्या कंपन्यांची असते. शिवाय कोणती पिन स्पीकरला आणि कोणती हेडफोनला जोडली आहे, हे लॅपटॉपच्या प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे. ही माहिती बायोस पुरवतो. ती चुकीची असली, तर कार्ड ओळखले जाते, हेडफोन वाजतो, पण स्पीकर मुका राहतो. अशा वेळी मॉड्यूलला ‘मॉडेल’ हा पर्याय देऊन पाहावा. अनेकदा नव्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. कंपाइल करण्याआधी आल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्रामही उघडावा. पट्टीखाली ‘एमएम’ दिसल्यास ती वाहिनी म्यूट आहे. ‘एम’ ही कळ दाबताच ती उघडते.

यूएसबी कार्डे : यांचा ड्रायव्हर वेगळा आहे.

सद्यःस्थिती : ‘आल्सा-ड्रायव्हर’ हे स्वतंत्र पॅकेज १.०.२५ (२०१२) या आवृत्तीनंतर निघालेले नाही. ड्रायव्हर आता कर्नलच्या सोर्समध्येच विकसित होतात. त्यामुळे नवा ड्रायव्हर हवा असल्यास नवा कर्नल बसवणे हाच सरळ मार्ग होय.