‘सदर्न मराठा’ ही खूण : किट्टेलच्या कोशाची कुळकथा

फर्डिनांड किट्टेलचा कन्नड-इंग्रजी कोश चाळताना काही शब्दांपुढे कंसात दोन खुणा वरचेवर भेटतात. एक म्हैसूरची, दुसरी ‘सदर्न मराठा कंट्री’ची. पहिली खूण असली की शब्द म्हैसूरकडचा. दुसरी असली की तो धारवाड, हुबळी, बेळगाव या पट्ट्यात बोलला जाणारा. हा सगळा कन्नड मुलूख, पण कन्नडच्या सर्वांत मोठ्या जुन्या कोशात त्याची ओळख नोंदली गेली ती मराठ्यांच्या नावाने. मराठी वाचकाने त्या खुणेपाशी जरा थांबावे. या कोशाचे आपल्याशी काय नाते आहे, ते तिथूनच उलगडते.

नाव इंग्रजांनी दिले. पेशवाईत हा प्रदेश पटवर्धनांच्या आणि इतर सरदारांच्या ताब्यात होता. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या साथीने धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून तो टिपूच्या फौजेकडून घेतला. पेशवाई बुडाली आणि १८१८ च्या सुमारास हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. सांगली, मिरज, जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग ही संस्थाने आजूबाजूला राहिलीच. म्हणून इंग्रजांच्या दप्तरात हा सगळा टापू ‘दक्षिणी मराठा मुलूख’ झाला. पुढे रेल्वे आली तीही ‘सदर्न मराठा रेल्वे’. तिच्या मुख्य कचेरीची धारवाडची इमारत नंतर कर्नाटक कॉलेजला मिळाली आणि आजही ती उभी आहे.

नावाबरोबर भाषाही आली. मुंबई इलाख्यात सामील झालेल्या या कन्नड जिल्ह्यांत सुरुवातीची बरीच वर्षे शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता. घरी कन्नड बोलणारे पोर शाळेत मराठी धुळाक्षरे गिरवी. शिक्षणखात्यातले डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी केलेल्या खटपटीची आठवण धारवाडकर अजून कृतज्ञतेने काढतात, ती यामुळेच. मराठी माणसाने हा इतिहास नजर न चुकवता वाचावा. आपली भाषाही कधी कुणाच्या डोक्यावर बसली होती, हे कळल्याशिवाय किट्टेलच्या कामाचे मोल कळत नाही.

किट्टेलचा जन्म १८३२ चा, जर्मनीच्या वायव्येकडील पूर्व फ्रिसियातला. बाप पाद्री. बासेल मिशनने त्याला १८५३ मध्ये हिंदुस्थानात धाडले. मिशनचे मंगळूरचे ठाणे १८३४ चे, धारवाडचे १८३७ चे, हुबळीचे १८३९ चे. मंगळूर, मडिकेरी आणि धारवाड ही किट्टेलच्या आयुष्यातली तीन मोठी मुक्कामाची गावे. तो आला धर्मप्रसारासाठी, यात आडपडदा काही नाही. पण लोकांत मिसळायचे तर त्यांच्यासारखे बोलता आले पाहिजे, या हट्टाने तो खेडोपाडी पायी हिंडू लागला आणि भाषेतच गुंतला. धर्मांतरे किती झाली याचा हिशेब मिशनने ठेवला असेल. कन्नड माणसाने हिशेब ठेवला तो शब्दांचा.

किट्टेलच्या आधी कोश नव्हता असे नाही. बळ्ळारीला राहणाऱ्या विल्यम रीव्ह या लंडन मिशनच्या पाद्र्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८३२ मध्ये मद्रासहून निघाला होता आणि १८५८ मध्ये सँडरसनने तो सुधारून काढला होता. त्याच्याही फार आधी कन्नडला स्वतःची कोशपरंपरा होती. रन्नाचा दहाव्या शतकातला ‘रन्नकंद’, दुसऱ्या नागवर्म्याचा ‘अभिधानवस्तुकोश’, मंगराजाचा १३९८ चा ‘अभिनवाभिधान’. हे कोश पद्यात, पाठांतरासाठी, आपल्या अमरकोशाच्या वळणाचे. किट्टेल थेट या जुन्या घरात शिरला, हेच त्याचे वेगळेपण. केशिराजाचे तेराव्या शतकातले व्याकरण ‘शब्दमणिदर्पण’ त्याने १८७२ मध्ये संपादून छापले. पहिल्या नागवर्म्याचा छंदःशास्त्रावरचा ‘छंदोंबुधि’ १८७५ मध्ये छापला. कोशकार होण्याआधी तो विद्यार्थी झाला.

कोशाला त्याने आयुष्याची दोन दशके दिली. मधल्या काळात तो जर्मनीला परतला होता. कोश पुरा करण्यासाठी १८८३ मध्ये पुन्हा आला. डोळे अधू होत चालले होते, काम मात्र वाढतच होते. १८९४ मध्ये मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्यातून कोश बाहेर पडला. सुमारे ७०,००० शब्द, सतराशेहून अधिक पाने. तुबिंगेन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. कन्नडचे मोठे व्याकरण १९०३ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी तो वारला.

मंगळूरच्या त्या छापखान्याबद्दल सांगायलाच हवे. ज्या मिशनच्या कारखान्यातून मंगळुरी कौले निघाली आणि कोकणातल्या घराघरावर चढली, त्याच मिशनचा हा छापखाना. गुंडर्टचा मल्याळम कोश १८७२ चा, मेनरचा तुळू कोश १८८६ चा आणि किट्टेलचा कन्नड कोश १८९४ चा, हे तिन्ही त्याच मिशनच्या माणसांचे. माफेई या जेझुइट पाद्र्याचा कोंकणी कोशही १८८३ मध्ये मंगळूरलाच बासेल मिशनच्या छापखान्यात छापला गेला. बावीस वर्षांत चार शेजारभाषांचे चार कोश त्या एका किनाऱ्यावर तयार झाले. एवढे काम आज एखाद्या राष्ट्रीय संस्थेने केले तर आपण तिचा सत्कार करू.

किट्टेलचा कोश नुसता शब्द आणि अर्थ देऊन थांबत नाही. शब्दाशेजारी तमिळ, तेलुगू, मल्याळम, तुळू यांतली भावंडे मांडलेली असतात. शब्द कोणत्या ग्रंथात आला ते असते. म्हणी तर जागोजागी भेटतात, कारण लोकांच्या तोंडचा पुरावा त्याला ग्रंथाइतकाच मोलाचा वाटे. मराठीतून वा हिंदुस्थानीतून आलेल्या शब्दापुढे तशी नोंद असते. धारवाडकडचा कन्नड माणूस आजही तासाला ‘तासु’ म्हणतो, पगाराला ‘पगार’ आणि चहाला ‘चहा’. म्हैसूरकडच्या कानाला हे शब्द लगेच वेगळे लागतात. किट्टेलने असा कुठलाही शब्द अशुद्ध म्हणून झटकला नाही. जसा ऐकला तसा घेतला आणि कुठे ऐकला तेही लिहिले. कोशकाराची खरी परीक्षा इथे होते. आपल्याला आवडणारी भाषा आणि समोर बोलली जाणारी भाषा यांतली कोणती तो लिहितो? किट्टेलने दुसरी लिहिली.

त्याची दुसरी मोठी गोष्ट संस्कृतविषयीची. दक्षिणेतल्या भाषांनी संस्कृतकडून घेतले एवढेच त्या काळी मानले जाई. संस्कृतनेही द्राविड भाषांतून शब्द घेतले, असे गुंडर्टप्रमाणे किट्टेलनेही मांडले आणि कोशाच्या प्रस्तावनेत अशा शब्दांची शेकड्यांनी मोजावी अशी यादीच दिली. तिच्यातला प्रत्येक शब्द पुढच्या अभ्यासकांनी मान्य केला असे नाही. पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते, हे त्याने कागदावर आणले.

आता आपल्या घरात येऊ. पानाच्या डब्यातला अडकित्ता घ्या. कन्नडमध्ये ‘अडिके’ म्हणजे सुपारी आणि हेच हत्यार तिथे ‘अडकोत्तु’, ‘अडकत्तरी’ अशा नावांनी ओळखले जाते. सुपारीला आपण सुपारीच म्हणतो, पण ती फोडायच्या हत्याराच्या नावात कानडी सुपारी बसलेली आहे. न्याहारीचे उप्पीट म्हणजे ‘उप्पु’ आणि ‘हिट्टु’, मीठ आणि पीठ. अण्णा, अप्पा, अक्का या हाका तर किती पिढ्या आपल्या घरांत आहेत. पुरणाच्या दिवशी मराठी घरात कटाची आमटी होते, शेजारच्या धारवाडी घरात ‘कट्टिन सारु’. कट मूळचा कोणाचा, हे एका भाषेचा कोश उघडून कळणार नाही. दोन्ही कोश शेजारी ठेवावे लागतील.

मराठीचा मोठा कोशही अशाच सीमेवर रुजला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जेम्स थॉमस मोल्सवर्थ सोलापूरला पलटणीत असताना मराठी शब्द टिपू लागला. सोलापूर म्हणजे बाजारात मराठीइतकीच कन्नड आणि तेलुगू ऐकू येणारे गाव. कँडी बंधू आणि ब्राह्मण पंडितांचा ताफा घेऊन त्याने केलेला कोश १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. माणूस स्वतःच्या भाषेत एकटा असतो तेव्हा शब्द त्याला हवेसारखा असतो, जाणवत नाही. दुसरी भाषा उंबऱ्याशी आली की तो दिसू लागतो. मोल्सवर्थचे पंडित असोत की किट्टेलला शब्द सांगणारे शिक्षक आणि शेतकरी असोत, मुखपृष्ठावर त्यांची नावे नाहीत. तरी दोन्ही कोशांतले बोलणे त्यांचेच आहे.

कन्नड आणि मराठी यांच्यातले ज्ञानाचे दळणवळण गोऱ्या पाद्र्यांनी सुरू केलेले नाही, हेही लक्षात ठेवावे. पंधराव्या शतकाच्या आसपास निजगुण शिवयोगी यांनी ‘विवेकचिंतामणि’ हा कन्नड गद्यग्रंथ लिहिला. शास्त्रे, दर्शने, संगीत, नृत्य अशा नाना विषयांची त्यात मांडणी आहे, म्हणजे तो त्या काळचा विश्वकोशच. १६०४ मध्ये त्याचे मराठी झाले. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी सव्वीस वर्षे एक कन्नड ज्ञानकोश मराठीत आलेला होता! हुबळीच्या सिद्धारूढ मठात निजगुणांचे ग्रंथ शास्त्र म्हणून वाचले जातात, आणि त्या मठात सिद्धारूढ स्वामींच्या दर्शनाला मराठी मुलखातूनही माणसे येतात. विद्वानांनी विसरलेली वाट भाविकांनी चालती ठेवली आहे.

पुढे मराठीत कोशांचे मोठे संसार उभे राहिले. केतकरांनी लोकांकडून भांडवल गोळा करून मंडळी स्थापन केली आणि ज्ञानकोशाचे खंड काढले. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. वाईला कृष्णाकाठी लक्ष्मणशास्त्री जोशींनी सरकारी पाठबळावर मराठी विश्वकोश उभा केला. धारवाडनेही हात आखडता घेतला नाही. कर्नाटक विद्यावर्धक संघ १८९० मध्ये स्थापन झाला, त्याचे ‘वाग्भूषण’ १८९६ मध्ये निघाले, कन्नड संशोधन संस्था १९३९ ची. किट्टेलच्या कोशाची सुधारून वाढवलेली आवृत्ती मद्रास विद्यापीठासाठी मरियप्प भट्टांनी चार खंडांत काढली. कन्नड साहित्य परिषदेने आठ खंडांचा स्वतंत्र निघंटू केला.

पण दोन्ही भाषांना एकत्र पाहणारा माणूस धारवाडनेच दिला. शं. बा. जोशी, धारवाडकरांचे शंबा. त्यांनी कन्नडमध्ये आयुष्यभर लिहिले आणि १९५२ मध्ये ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक मराठीतच लिहून आपल्या हातात दिले. गावांची नावे, देवांची नावे, रोजचे शब्द यांच्या आधाराने मराठीच्या पायाखालचा कन्नड थर त्यांनी दाखवला. त्यांचे सगळेच तर्क टिकतील असे नाही. काही व्युत्पत्ती ओढून आणलेल्या आहेत, हे मान्य. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न खरा आहे, आणि आपण त्याला पुरते उत्तर दिलेले नाही. त्याच गावात घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले. हे दोघे एकाच गावात घडले यात मला नवल वाटत नाही. ‘सदर्न मराठा’ ही खूण ज्या मुलखाची, तिथे दोन भाषा एकाच अंगणात वाढल्या.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद पेटला आणि शब्दांची चौकशीही संशयाने होऊ लागली. हा शब्द तुमचा की आमचा, असे विचारताना त्यात गावावरचा हक्क ऐकू येऊ लागला. कोशकाराचे काम अशा वेळी अवघड होते, पण नेमके तेव्हाच ते हवे असते. अडकित्ता कन्नडमधून आला म्हटल्याने सोलापूर कुठे जात नाही आणि ‘तासु’ मराठीतून आला म्हटल्याने हुबळी कुठे जात नाही.

मराठी आणि कन्नड या दोघींच्या शब्दांची देवघेव पुराव्यानिशी मांडणारा एक मोठा जोडकोश व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या राज्याच्या पैशाने व्हावा हा वाद नंतर घालता येईल. सामग्री मात्र आज गोळा केली पाहिजे, कारण ती माणसांच्या तोंडात आहे. हुबळी-धारवाडच्या जुन्या मराठी घरांत बोलली जाणारी मराठी पुण्याची नाही. तिचे कितीतरी शब्द कुठल्याच कोशात उतरलेले नाहीत. तुमच्या घरात कुणी असे बोलणारे असेल, तर एक वही घ्या. शब्द लिहा, अर्थ लिहा, ज्या वाक्यात तो ऐकला ते वाक्य जसेच्या तसे लिहा, आणि शेजारच्या कानडी घरात त्याच वस्तूला काय म्हणतात तेही विचारून लिहा. किट्टेलने असेच केले होते.