बारा चौकटींची भानगड

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, शिरगावात, वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. मध्यरात्रीच्या सुमारास होमकुंड पेटतं आणि पुढे हातात वेताच्या काठ्या घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून धावत जातात. व्हिडिओ कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून कठीण जागा शोधून सापडायची नाही. भोवती काळोख, मधोमध धगधगता विस्तव, वर धूर, आणि ज्याचं चित्र घ्यायचं ती गोष्ट डोळ्याचं पातं लवेपर्यंत होऊन गेलेली. घरगुती कॅमेऱ्याने गेल्या चाळीसेक वर्षांत जितके अवतार घेतले, त्यातला प्रत्येक अशा ठिकाणी आपापल्या तऱ्हेने फसला.

यातला पहिला अवतार सोनीचा, १९८३ सालचा बीटामूव्ही. कॅमेरा आणि रेकॉर्डर प्रथमच एका खोक्यात आले. पण टिपलेलं त्याच यंत्रावर लावून बघायची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने छोट्या व्हीएचएस-सी कॅसेटचा जीआर-सी१ काढला. आपल्याकडे मात्र मान मिळाला तो अख्खी व्हीएचएस कॅसेट पोटात घेणाऱ्या, खांद्यावर बसवायच्या पॅनासॉनिकला. १९८२च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही घरात येऊ लागला होता. आखातातून किंवा बोटीवरून परतणाऱ्या गोंयकाराच्या सामानात व्हीसीआर असणं यात नवल राहिलं नव्हतं. लग्नात व्हिडिओवाला आला, त्याच्या मागे सनगन, म्हणजे झगझगीत दिवा, धरून वायर सांभाळणारा पोऱ्या आला, आणि त्या उजेडात वधूवर डोळे किलकिले करून बसू लागले.

या धंद्यातल्या एडिटिंगला शब्द होता ‘मिक्सिंग’. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यावर कोरी, आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवून नको तो भाग गाळायचा. टेप पळायला क्षणभर लागे, म्हणून कट हवा तिथे क्वचितच पडे. ज्या यंत्राच्या फिरत्या ड्रमवर पुसणारं हेड नसे, त्यावर सांध्याच्या जागी इंद्रधनुषी पट्टे उमटत. व्हीएचएसचं चित्र मुळातच जेमतेम २४० रेषांचं. त्याची मिक्सिंगमध्ये एक नक्कल, त्यावरून मामा-काकांसाठी दुसरी. मुंबईच्या काकूंना कॅसेट पोचेपर्यंत शालूचा रंग विटलेला असे.

खरं नुकसान आवाजाचं झालं. टेपच्या कडेने जाणाऱ्या अरुंद पट्टीवर व्हीएचएसचा साधा आवाज नोंदला जाई, आणि ‘ऑडिओ डब’ केलं की तीच पट्टी पुसून त्यावर हिंदी सिनेमाचं गाणं चढे. कितीतरी घरांत भटजींचा आवाज आणि मंगलाष्टकं अशी कायमची गेली. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती टिपताना वेगळीच गंमत होई. कॅमेरा आवाजाची पातळी स्वतःच सांभाळे. घुमटावर थाप पडली की तो दचकून सगळाच आवाज खाली ओढी, आणि दोन थापांच्या मधे शूं-शूं करीत पुन्हा वर चढवी. मिक्सिंगवाल्याला त्याचं काहीच करता येत नसे.

१९८५मध्ये सोनीने ८ मिलिमीटर टेपचा हँडीकॅम आणला, १९८९मध्ये तळहाताएवढा टीआर-५५ आणि त्याच सुमारास अधिक रेखीव हाय-८. आता व्हिडिओवाल्याला न बोलावता घरातलाच कोणी शूटिंग करू लागला. पण ही कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये शिरेना! वायर जोडून व्हीएचएसवर उतरवून घेण्याचा कंटाळा. मग काटछाट कसली? आहे तसं, जमीन-आकाश-चपला यांच्यासकट बघायचं.

मग १९९५ साली मिनीडीव्ही आली, आणि आमच्या मते या घराण्यातली हीच सगळ्यांत गुणी. चित्र आकड्यांत साठवलेलं, म्हणून नक्कल अस्सलासारखीच. फायरवायरची केबल जोडली की टेपवरचं जसंच्या तसं संगणकात. महत्त्वाचं म्हणजे सेकंदाच्या पंचवीस चौकटींतली प्रत्येक चौकट स्वतंत्र, त्यामुळे कात्री कुठेही चालवा. मिक्सिंगवाला आता एडिटर झाला. कोणी पिनॅकलवर, कोणी प्रीमियरवर, पुढे पुष्कळजण एडियसवर. अडचण जागेची होती. तासाभराचं शूटिंग सुमारे १३ जीबी खाई, आणि विंडोज ९८च्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नसे, म्हणजे एकोणीसेक मिनिटांतच तुकडा पाडावा लागे. शिवाय टेप तासाभराची. पेडण्याकडे दशावतारी नाटक रात्रभर चालतं. युद्ध ऐन रंगात आलं असताना कॅसेट बदलायची वेळ येणं ठरलेलंच. तीन तासांच्या व्हीएचएसवाल्याला हे दुःख कमी होतं.

२००३मध्ये एचडीव्ही जाहीर झाली: तीच कॅसेट, टेपवर सेकंदाला तितकाच २५ मेगाबिटचा मजकूर, पण चित्र १४४० बाय १०८०चं. एवढं मावलं कसं? इथेच बारा चौकटींची भानगड सुरू होते. आपल्याकडच्या पंचवीस चौकटींच्या पद्धतीत बारांचा गट करून त्यातली एकच चौकट पूर्ण ठेवायची, बाकीच्या अकरांत फक्त काय बदललं एवढंच लिहायचं. स्थिर बसलेल्या वऱ्हाडाला हे छान. ज्वाळा, धूर, उधळलेला गुलाल यांत मात्र सगळंच बदलत असतं. मग चित्राचे चौकोन फुटतात. टेपवर कचऱ्याचा कण आला तर डीव्हीत एका चौकटीवर ठिपके दिसत. इथे अख्खा गटच जाई, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. निखाऱ्यावर धोंडाचं पाऊल पडून उचलायला तेवढाच वेळ लागतो. आणि गटाच्या मधे कट मारला की संगणकाला आजूबाजूच्या चौकटी नव्याने रचाव्या लागत.

२००६च्या एव्हीसीएचडीने टेपच संपवली. कार्डवर एमटीएस फाइली, त्या उलगडताना त्या काळचे संगणक धापा टाकत; एडिटर आधी रात्रभर फाइली बदलायला लावून घरी जाई. पण याहून मोठा फरक कोणाच्या फारसा ध्यानात आला नाही. कॅसेट हीच मूळ प्रत होती. एडिटिंग बिघडलं तरी ती कपाटात असे. कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलं जातं, आणि उरतो फक्त एडिटरने ठेवला तेवढा भाग. २००८च्या कॅननच्या ५डी मार्क टू कॅमेऱ्यानंतर लग्नं सिनेमासारखी दिसू लागली खरी, पण तो एका दमात बारा मिनिटांच्या आसपास थांबे. चवथीच्या लांबलेल्या आरत्यांना ते कुठचं पुरायला! मोबाइलने तीही अट काढली, आणि नवा घोळ घातला. त्याच्या चौकटींचा वेग कमीजास्त होतो, म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये घुमटाची थाप हाताच्या मागेपुढे पडते.

आता गोव्याच्या दमट हवेत जुन्या टेपांवर पांढरी बुरशी धरते आहे, आणि व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनीही २०१६मध्ये थांबली. टेपा संगणकात उतरवून घेणाऱ्यांना या घाईत एक दुर्लक्षित कॅमेरा फार उपयोगी पडतो. १९९९मध्ये सोनीने हाय-८च्याच कॅसेटवर डीव्हीची नोंद करणारी डिजिटल-८ पद्धत काढली होती. मिनीडीव्हीपुढे तिचा फार निभाव लागला नाही. पण तिच्या कित्येक मॉडेलांत जुनी ८ मिलिमीटरची टेपही चालते आणि चित्र सरळ फायरवायरमधून बाहेर पडतं. चालू स्थितीतला असा कॅमेरा कोणाकडे असेल, तर त्याने तो भंगारात देऊ नये.