अस्थिसंवहनी श्रवणसाधने

अस्थिसंवहनी श्रवणसाधने : ध्वनीची कंपने बाह्य कर्णनलिकेतील हवेऐवजी कवटीच्या हाडांमार्फत अंतर्कर्णापर्यंत पोहोचविणाऱ्या उपकरणांना ही संज्ञा देतात. प्रारंभी ती केवळ कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तींसाठी होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून धावपटू, सायकलपटू, जलतरणपटू तसेच सामान्य श्रोते यांच्यात तिचे बिनतारी हेडफोनचे रूप प्रसार पावले. कान उघडा राहतो, हा या साधनांचा मुख्य विशेष होय.

श्रवणाचे दोन मार्ग : नेहमीच्या श्रवणात हवेतील ध्वनितरंग कर्णपटलावर आदळतात. त्याची कंपने हातोडी, ऐरण व रिकीब या मध्यकर्णातील तीन लहान हाडांमधून अंतर्कर्णातील शंखासारख्या वेटोळ्या, द्रवाने भरलेल्या नलिकेत जातात. तेथील केशयुक्त कोशिका कंपनांचे तंत्रिका संदेशांत रूपांतर करतात. अस्थिसंवहनात कंपने कवटीतून थेट या नलिकेभोवतीच्या शंखास्थीपर्यंत येतात व द्रवाला हालचाल देतात. मध्यकर्णातील हाडांचे जडत्व, द्रवाचे जडत्व, कर्णनलिकेच्या भिंतींतून आत निघणारा ध्वनी इ. अनेक क्रिया त्यात एकाच वेळी घडतात.

या मार्गाचा अनुभव प्रत्येकास असतो. पोह्याचा पापड चावताना होणारा आवाज शेजाऱ्यापेक्षा खाणाऱ्यास कितीतरी मोठा वाटतो. स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज परका वाटतो, कारण बोलताना आपण तो हवा व हाड या दोन्ही मार्गांनी ऐकतो आणि मुद्रणात हाडातून येणारा खर्जाचा भाग नसतो. मोरचंग दातांशी धरून वाजविणारा वादकही आपले वाद्य अंशतः हाडातूनच ऐकतो.

इतिहास : इटालियन वैद्य व गणितज्ञ जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) याने दातांत धरलेल्या दांड्यावाटे ध्वनी ऐकू येतो, असे १५५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले. पुढे त्याच शतकात या गोष्टीचा उपयोग बहिरेपणाचे स्थान ठरविण्यासाठी करण्याची कल्पना निघाली. रुग्णाने दांडा दातांत धरून तंतुवाद्याचा नाद ऐकला, तर दोष ध्वनी आत येण्याच्या वाटेत आहे. दांड्यावाटेही नाद ऐकू आला नाही, तर तो श्रवणाच्या तंत्रिकेत आहे, असे हे अनुमान होते. संवहनजन्य व तंत्रिकाजन्य बहिरेपणा हा आजचा भेद त्यातून निघाला. जर्मन संगीतरचनाकार बेथोव्हन (१७७०–१८२७) बहिरेपणाच्या काळात काठी दातांत व पियानोवर टेकवून ऐकत असे, असे सांगितले जाते.

एकोणिसाव्या शतकात या अनुमानाला नादकाट्याने शास्त्रीय रूप दिले. एर्न्स्ट हाइन्रिख वेबर याने १८३४ मध्ये असे वर्णन केले की, कंप पावणारा नादकाटा कवटीच्या मध्यरेषेवर टेकवून एक कान बंद केला, तर नाद बंद कानाकडे ओढल्यासारखा वाटतो. आडोल्फ रिन्ने याने १८५५ मध्ये एकाच कानाच्या हवेतील व हाडातील श्रवणाची तुलना करणारी चाचणी मांडली. या दोन्ही चाचण्या आजही कान-नाक-घसा चिकित्सेत प्राथमिक मानल्या जातात. त्यांना वीज लागत नाही; बहुधा सेकंदास ५१२ कंपने करणारा एक पोलादी नादकाटा पुरतो.

चाचणीपासून साधनापर्यंतची पहिली मोठी पायरी १८७९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ऱ्होड्स याने गाठली. त्याचा ‘ऑडिफोन’ म्हणजे कठीण रबराचा एक पंखा होता. पंख्याला दोऱ्यांनी ताण देऊन त्याची कड वरच्या दातांशी टेकवीत. तो हवेतील ध्वनी झेलून दातांवाटे कवटीत पोहोचवी. ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२३ च्या सुमारास दातांत धरण्याचे ‘ऑसोफोन’ हे विद्युत् साधन तयार केले. १९३० नंतरच्या दशकात कानामागील हाडावर दाबून बसणारी विद्युत् कंपके श्रवणयंत्रांत आली आणि १९५० नंतर ती चष्म्याच्या काडीतही बसविण्यात आली.

दोन्ही मार्गांचे अंतिम स्थान एकच आहे का, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर हंगेरियन शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी (१८९९–१९७२) याने १९३२ मध्ये दिले. हाडातून दिलेला स्वर हवेतून दिलेल्या त्याच कंप्रतेच्या स्वराने, तीव्रता व कला योग्य तऱ्हेने जुळविल्यास, पूर्णपणे नाहीसा करता येतो, असे त्याने दाखविले. याचा अर्थ, दोन्ही कंपने अंतर्कर्णात सारखीच हालचाल घडवितात. अंतर्कर्णाच्या कार्यावरील संशोधनाबद्दल बेकेशीला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क याने टिटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो, असे दाखवून दिले होते. त्याचा आधार घेऊन १९७७ मध्ये गथेनबर्ग येथे कानामागील हाडात बसविलेल्या टिटॅनियमच्या खुंटीवर श्रवणयंत्र जोडण्यास आरंभ झाला.

बिनतारी हेडफोन : खेळासाठीच्या साधनाला आणखी दोन गोष्टींची आवश्यकता होती : लहान विद्युत् घट आणि तारेवाचून संदेशवहन. ब्लूटूथ या अल्पांतर रेडिओ तंत्राचे काम १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले व १९९९ मध्ये त्याची पहिली मानक आवृत्ती निघाली. २०११ मध्ये आफ्टरशॉक्झ ही अमेरिकन नाममुद्रा स्थापन झाली. २०२१ च्या अखेरीस तिचे नाव शॉक्झ असे करण्यात आले. २०१३ मध्ये वापरास दिलेल्या गूगल ग्लास या चष्म्यातही अस्थिसंवहनी कंपक होता. पुढे अनेक कंपन्यांनी अशी साधने बाजारात आणली.

अशा हेडफोनमध्ये डोक्यामागून जाणारा लवचीक पट्टा असून त्याच्या दोन्ही टोकांची कंपके कानासमोर गालाच्या हाडाजवळ त्वचेवर दाबून बसतात. एकूण वजन सामान्यतः २५ ते ४० ग्रॅ. असते. कंपकात विद्युत् संदेशानुसार वस्तुमान हालते व त्याचा हादरा हाडास मिळतो. मात्र सर्व ध्वनी हाडातूनच जातो असे नाही. थोडा हवेत गळतो, थोडा कानाच्या कूर्चेतून जातो. त्यामुळे शांत खोलीत शेजाऱ्यासही कुजबुज ऐकू येते. खर्जाचे स्वर दुबळे पडतात व आवाज वाढविल्यास त्वचेला गुदगुल्या होतात. कानात बोळे घातल्यास खर्ज एकदम भरदार होतो, कारण कर्णनलिकेत निर्माण झालेला ध्वनी बाहेर निसटत नाही; वेबरने टिपलेला परिणाम तो हाच. हाडातून एका बाजूस दिलेली कंपने फारशी न घटता दुसऱ्या अंतर्कर्णासही पोहोचतात, म्हणून संगीतातील डावे-उजवेपण काहीसे पुसट होते.

पोहताना कानात पाणी असले, तरी हाडाचा मार्ग मोकळा असतो. तथापि ब्लूटूथचे सु. २.४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे रेडिओ तरंग पाण्यात लवकर शोषले जातात. म्हणून जलतरणाच्या साधनात गाणी साधनातच साठवावी लागतात.

पेण–रोहे परिसर : रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहे हे तालुके या साधनांचे गुण आणि मर्यादा या दोहोंचे चांगले उदाहरण ठरतात. पेण, वडखळ, नागोठणे व कोलाड ही गावे मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गावर आहेत. पूर्वी क्र. १७ व आता क्र. ६६ असलेल्या या रस्त्याच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये हाती घेण्यात आले व ते वर्षानुवर्षे रेंगाळले. अशा रस्त्याच्या कडेने पहाटे धावणाऱ्यास किंवा सायकल चालविणाऱ्यास मागून येणाऱ्या एस.टी.चा वा मालट्रकचा आवाज ऐकू येणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. कानात घट्ट बसणारा हेडफोन ही सूचना तोडतो; अस्थिसंवहनी साधन ती येऊ देते. कोलाडजवळ कुंडलिका नदीत तराफ्यातून प्रवास करताना मार्गदर्शकाची हाक ऐकू येणे तितकेच अगत्याचे असते. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे इ. गावांतील गणेशमूर्तींच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी हात मातीत असताना बातम्या किंवा भजने ऐकावयाची, पण शेजारच्याची हाकही चुकवावयाची नाही, अशा कामासही हे साधन सोयीचे आहे.

परंतु उघडा कान म्हणजे जागृत चित्त नव्हे. गाण्यात वा संभाषणात गुंतलेल्या मनाला कानावर पडलेला भोंगाही जाणवत नाही. शिवाय गोंगाटाच्या जागी उघडा कान हेच वैगुण्य ठरते. कोकण रेल्वेचा आरंभ ज्या रोहे स्थानकापासून होतो, तेथून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खडखडाटात ऐकणारा साहजिकच आवाज वाढवीत जातो. धाटाव येथील औद्योगिक वसाहतीतील यंत्रांजवळ तर या साधनाने कानाचे यत्किंचितही रक्षण होत नाही. तेथे कर्णरक्षकच हवेत.

कर्णपटल वगळल्यामुळे हे हेडफोन श्रवणास निर्धोक आहेत, हा समज चुकीचा आहे. अतितीव्र ध्वनीने इजा होते ती प्रामुख्याने अंतर्कर्णातील केशयुक्त कोशिकांना, आणि बेकेशीच्या प्रयोगानुसार दोन्ही मार्ग तेथेच मिळतात. या कोशिका एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबेल तीव्रता आठवड्यास ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये. तीव्रता ३ डेसिबेलने वाढल्यास हा काळ निम्मा करावा. हा दंडक हाडातून ऐकणाऱ्यासही लागू आहे.

वैद्यकीय महत्त्व : खेळाच्या बाजारपेठेमुळे या तत्त्वाचा मूळ हेतू विसरला जाऊ नये. ग्रामीण भागात मुलांचा कान वर्षानुवर्षे वाहणे, कर्णपटलास छिद्र पडणे हे नेहमी आढळणारे विकार आहेत. वाहत्या कानात नेहमीच्या श्रवणयंत्राचा साचा बसविणे योग्य नसते. काही मुलांत बाह्य कर्णनलिका जन्मतःच बंद असते. या दोन्ही प्रकारांत अंतर्कर्ण शाबूत असल्यास हाडातून येणारा ध्वनी स्पष्ट ऐकू येतो व मूल वर्गात मागे पडत नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांच्या क्षेत्रात प्रशिक्षण, संशोधन व सेवा ही कामे करते. केंद्र शासनाने २००७ मध्ये बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत मध्यकर्णदाह व श्रवणदोष या दोहोंचा समावेश आहे.

धावपटूंसाठी विकले जाणारे हेडफोन हे श्रवणयंत्र नव्हे. त्यात रुग्णाच्या श्रवणालेखानुसार ध्वनिवर्धन करण्याची व्यवस्था सामान्यतः नसते. म्हणून तपासणीशिवाय ते श्रवणयंत्राऐवजी वापरू नये. तथापि कानात घालावयाच्या हेडफोनमधून गाणे ऐकू न येणाऱ्या मुलास ते अशा साधनातून स्वच्छ ऐकू आले, तर दोष ध्वनीच्या वाटेत असून तो बहुधा औषध, शस्त्रक्रिया वा श्रवणयंत्र यांनी सुधारण्याजोगा आहे, असा तर्क करता येतो व मुलास विनाविलंब तज्ज्ञाकडे नेता येते. दातांत धरलेल्या दांड्याने सोळाव्या शतकातील वैद्य जी परीक्षा घेत, तीच ही होय.