वार्तेचा धनी

खानदेशांतील आठवड्याचा बाजार हा केवळ धान्य, मिरची आणि गुरें यांच्या देवघेवीसाठीं कधींच भरत नव्हता. टपाल ज्या काळीं मोठ्या गांवांपलीकडे क्वचितच जात असे, त्या काळीं तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील माणसें वार्ता घेण्यासाठींहि बाजारास येत. कोणाच्या विहिरीस पाणी लागलें, कोठल्या गांवीं पटकी उद्भवली, कापसाचा भाव काय निघाला, हें सर्व तेथें कळे. सांगणारा समोर उभा असे. त्याचें गांव, त्याचें कूळ आणि त्याची तिखटमीठ लावण्याची संवय ऐकणारास ठाऊक असे. वार्तेची पारख करण्याचें पहिलें साधन म्हणजे सांगणाराचा चेहरा होता.

बाजाराखेरीज गांवोगांव फिरणारे लोकहि खबर आणीत. पहाटेचा वासुदेव किंवा डौर वाजवीत दारीं येणारा डवरी गोसावी यांना लोक केवळ भिक्षेकरी समजत नसत. ते गाणें गात, दाणे घेत आणि ओसरीवर घटकाभर टेकले म्हणजे पलीकडच्या गांवचें वर्तमान सांगत. असा मनुष्य गांवाला परका असे, परंतु अनोळखी नसे. हा भेद पुढील कथेच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे.

मराठींत छापील वार्तेचा प्रारंभ ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस ‘दर्पण’ निघालें तेव्हां झाला. खानदेशांत हें वारें यावयास कांहीं दशकें लागलीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धुळ्यास ‘खानदेश वैभव’ आणि जळगांवास ‘प्रबोधचंद्रिका’ हीं पत्रें चालूं लागलीं. त्याच सुमारास, म्हणजे १८६७ सालीं, इंग्रज सरकारनें मुद्रणाविषयींचा एक कायदा केला. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचें आणि प्रकाशकाचें नांव व ठिकाण असलेंच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. पुढें संपादकाचें नांवहि आवश्यक झालें. वाचकांचें कल्याण व्हावें हा कांहीं सरकारचा हेतु नव्हता. राजद्रोहाचा मजकूर सांपडला तर कोणाचें बखोट धरावयाचें, एवढेंच त्यास ठाऊक हवें होतें. तथापि त्या दंडकानें एक गोष्ट आपोआप साधली. बाजारांत जें काम सांगणाराचा चेहरा करीत असे, तें काम अंकाच्या शेवटच्या पानावरील बारीक अक्षरांतील दोन ओळी करूं लागल्या. वार्तेला धनी मिळाला. तो कायदा दीडशेंहून अधिक वर्षें टिकला. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा अंमलांत आला आहे, परंतु नियतकालिकास धनी असावा हें तत्त्व त्यांतहि कायम आहे.

छापील वार्तेचें दुसरें वैशिष्ट्य असें कीं, ती दीर्घकाळ एकट्यानें वाचण्याची वस्तु नव्हतीच. आगगाडीनें जळगांव-भुसावळास आणि चाळीसगांवाहून फुटलेल्या लहान शाखेनें धुळ्यास पत्रें येत, तेथून तीं खेड्यांत जात. अंक एक, वाचणारा एक आणि ऐकणारे दहा-वीस, असा चावडीवरचा देखावा असे. वाचतां वाचतां कोणी शंका काढी, कोणी ‘हें कसें शक्य आहे?’ असें विचारी, कोणी जुना दाखला देई. बातमी घरीं पोंचण्यापूर्वीं चारचौघांच्या चाळणींतून जात असे.

ही चाळणी किती बारीक असूं शकते, याचीं दोन उत्तम उदाहरणें खानदेशांतच सांपडतात. पहिलें अमळनेरचें आहे. साने गुरुजी तेथील प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतांना वसतिगृहांतील मुलांसाठीं ‘छात्रालय’ नांवाचें हस्तलिखित दैनिक काढीत. लेखक, संपादक आणि लेखनिक एकच, आणि वाचक त्याच छपराखालीं राहणारे! लिहिलेल्या प्रत्येक ओळीबद्दल ज्यास संध्याकाळपूर्वींच विचारतां येईल, असा तो संपादक होता. पुढें १९३८ सालीं त्याच अमळनेरांतून गुरुजींनीं ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलें, त्याचें मूळ या शाळकरी दैनिकांत शोधावें लागतें.

दुसरें उदाहरण धुळ्याच्या तुरुंगांतील आहे. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारीं विनोबांनीं तेथें सहबंद्यांपुढें गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. छापण्यापूर्वीं विनोबांनीं तो मजकूर स्वतः तपासला. तेव्हां कोठें तो शब्द तुरुंगाच्या भिंती ओलांडून ‘गीताप्रवचनें’ या रूपानें बाहेर गेला. बोलणारा एक, टिपणारा दुसरा, आणि पुन्हां बोलणाराची नजर, एवढे संस्कार झाल्यावर शब्द पुढें पाठविण्याची ती रीति होती.

नभोवाणीनें ऐकणारांचा मेळा आणखी वाढविला. १९२७ सालीं मुंबईचें केंद्र सुरू झालें. स्वातंत्र्यानंतर गांवोगांव रेडिओ पोंचले आणि पुढें जळगांवासच आकाशवाणीचें केंद्र झालें. एकच वार्ता एकाच क्षणीं रावेरच्या केळीच्या बागेंत आणि साक्रीच्या डोंगरकुशींत ऐकूं येऊं लागली. येथेंहि वृत्तनिवेदक आरंभीं आपलें नांव सांगतो, ही बारीकशी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चित्रवाणीच्या आरंभींच्या काळींहि सोबतीचें सुख होतेंच. १९८७ च्या जानेवारीपासून रविवारीं सकाळीं ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हां ज्याच्या घरीं संच असे त्याच्या ओसरीवर अर्धी आळी लोटे.

आणि मग प्रत्येकाच्या हातीं मोबाइल आला. त्याच्या उपकारांविषयीं कृतघ्न होण्याचें कारण नाहीं. रावेरचा बागाईतदार आज बऱ्हाणपूरच्या बाजारांतील केळीचा भाव शेतांत उभ्याउभ्या विचारतो. छापखान्यानें जिला क्वचितच जवळ केलें, त्या अहिराणी बोलीस या नव्या माध्यमांनीं रंगमंच दिला. तिचीं गाणीं आणि विनोद हजारों घरांत पोंचले. रस्ता खचला, रुग्णालयांत औषध नाहीं, अशी तक्रार खेड्यांतील मनुष्य छायाचित्रासह जगापुढें मांडतो आणि वृत्तपत्रांस तिची दखल घ्यावी लागते. संपादकास पूर्वीं फार तर वाचकांच्या पत्रांतून जाब विचारला जाई, आतां तो तासाभरांत विचारला जातो. हा लाभ लहान नव्हे.

परंतु या लाभाबरोबर दोन गोष्टी हातच्या गेल्या. वार्तेचा धनी नाहींसा झाला आणि ऐकणारांचा मेळा मोडला. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर प्रथम कोणीं लिहिला हें कळत नाहीं. कळतें तें इतकेंच कीं, तो मामानें, मित्रानें किंवा शेजाऱ्यानें धाडला आहे. त्यामुळें अनोळखी माणसाच्या शब्दास आप्ताचें वजन येतें. शिवाय गांवांतील शेंकडों माणसांस एकच मजकूर एकाच दिवशीं मिळाला, तरी प्रत्येकजण तो आपल्या तळहातावर एकट्यानें वाचतो. शंका येते तीहि एकट्यासच, आणि ती बोलून दाखविण्यापूर्वींच मजकूर पुढें धाडलेला असतो.

याचा परिणाम खानदेशानें १ जुलै २०१८ रोजीं पाहिला. त्या वर्षीं मुलें पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे निनांवी संदेश देशभर पसरले होते. त्यांबरोबर फिरणारी एक चित्रफीत तर कराचींत मुलांच्या सुरक्षिततेविषयीं लोकांस सावध करण्यासाठीं तयार केली होती. तिचा खुलासा करणारा शेवट कोणीं तरी कापून टाकला होता. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें त्या रविवारीं आठवड्याचा बाजार होता. सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें तालुक्यांतून भिक्षेसाठीं फिरत आलेले पांच जण तेथें बसमधून उतरले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. मुलें पळविणारे म्हणून लोकांनीं त्यांस घेरलें, मारलें, ग्रामपंचायतीच्या खोलींत नेलें आणि तेथें पांचांचेहि प्राण घेतले. मारहाण चालूं असतां कोणी मोबाइलवर तिचें चित्रण करीत होते. ज्या जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गांवोगांव गाणें आणि वर्तमान पोंचवीत आले, त्यांतील पांच जणांचा बळी एका धनी नसलेल्या वार्तेनें घेतला. त्याच रात्रीं शेजारच्या मालेगांवांतहि अशाच संशयावरून पांच जणांवर जमाव चालून गेला. पोलिसांनीं त्यांस बाहेर काढलें म्हणून ते वांचले.

अफवा ही आजची वस्तु नव्हे, हें इतिहास जाणणारास सांगावयास नको. ऑक्टोबर १८९६ मध्यें, प्लेगाच्या दिवसांत, मुंबईच्या ऑर्थर रोड इस्पितळावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला, तो अशाच वावड्यांमुळें. जळगांव जिल्ह्यांत, पाचोरें तालुक्यांतील परधाडें स्थानकाजवळ २२ जानेवारी २०२५ रोजीं घडलेली दुर्घटनाहि तशीच. पुष्पक एक्स्प्रेसमध्यें आग लागल्याची हूल उठली. सांखळी ओढून प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले, आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखालीं किमान बारा माणसें गेलीं. त्या अफवेस मोबाइल लागला नाहीं. तोंडाचा शब्द पुरला. परंतु दोन्ही प्रसंगांतील भेद पाहण्यासारखा आहे. परधाड्याची हूल एका गाडीपुरती होती आणि कांहीं मिनिटांत तिचें असत्य उघड झालें. राईनपाड्याची वावडी मात्र कित्येक दिवस हजारों हातांत जिवंत होती. तिला खोटें पाडावयाचें तर सांगणारा सांपडत नव्हता आणि ऐकणारे एकत्र बसत नव्हते.

त्यानंतरच्या हालचाली बोधप्रद आहेत. १७ जुलै २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जमावाच्या हिंसेविषयीं निर्देश दिले; प्रत्येक जिल्ह्यांत पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी त्यासाठीं नेमावा, असें सांगितलें. पुढें धाडलेल्या संदेशावर तसा शिक्का दिसूं लागला आणि भारतांत एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं संदेश धाडण्यास कंपनीनें आळा घातला. १० जुलैस तर त्याच कंपनीनें खोटी वार्ता कशी ओळखावी हें सांगणाऱ्या पानभर जाहिराती दिल्या, त्या वृत्तपत्रांत! पुढें आकाशवाणीवरूनहि तिनें असाच उपदेश केला. आपल्या माध्यमाविषयीं लोकांस सावध करण्यासाठीं तिला जुन्या, नांवगांव असलेल्या माध्यमांकडे यावें लागलें. वृत्तपत्रांचें कामहि तेव्हांपासून पालटलें आहे. काय घडलें हें सांगणें हा पूर्वीं वार्ताहराचा धर्म होता, आतां काय घडलें नाहीं हेंहि त्यास नित्य सांगावें लागतें, आणि बहुधा तें उशिरानें सांगावें लागतें.

कायदा आणि शिक्के यांनीं कांहीं अंशीं बंदोबस्त होईल. परंतु बाजारांतील वृद्ध मनुष्य पूर्वीं वार्ता ऐकतांच अहिराणींत जो प्रश्न करीत असे, ‘कोन सांगस?’, त्याची जागा कोणताहि शिक्का घेऊं शकत नाहीं. श्रोतेजनांच्या घरांत रोज रात्रीं मोबाइलवर जे संदेश येतात, त्यांतील एखादा जेवतांना सर्वांसमोर मोठ्यानें वाचला आणि हा प्रश्न विचारला, तरी चावडीची जुनी चाळणी तेवढ्यापुरती घरांत येते.

राईनपाड्याच्या बाजारांत त्या दिवशीं बहुतेकांच्या खिशांत तें यंत्र होतें. ज्या यंत्रावरून वावडी आली, त्याच यंत्रावरून मंगळवेढ्यास विचारावयाचें, तर दोन मिनिटें पुरलीं असतीं. समोर उभ्या असलेल्या पांच माणसांस गांव होतें, नांव होतें. वावडीला मात्र यांतलें कांहींच नव्हतें, आणि लोकांनीं विश्वास ठेवला तो वावडीवर.