पडली ती भिंत, उभा राहिला तो खांब
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ठपका जुन्या माळवदावर आला. वस्तुतः घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व छतावर वर्षानुवर्षे चढविलेल्या मातीने. छताचे ओझे लाकूडच पेलत होते. कित्येक घरांत भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील धाब्याच्या घरांसाठी धडा हाच: वरची जादा माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला, सांध्यांना तिरपे आधार द्या, कुजलेला खांब बदला. मात्र हे जाणणाऱ्या सुताराला रास्त मजुरी द्या. हुन्नर गेला, तर घर कोण राखणार?